चौसष्ट लेबलं: पक्षी-संग्रहातल्या एका इंटर्नशिपचं प्रकरण

२०२४ च्या एप्रिलमध्ये आमच्या विभागातल्या पक्षी-संग्रहात चौसष्ट नमुन्यांची लेबलं त्यांच्या पायांपासून सुटली. त्यातली त्रेपन्न पुन्हा जागेवर गेली, अकरा आजही पाकिटात आहेत. हे कसं घडलं, जुळवाजुळव कशी केली आणि त्यानंतर आमच्याकडे येणाऱ्या मुलांच्या कामात काय बदललं, ते इथे सविस्तर मांडते आहे. महाविद्यालयाचं आणि मुलांचं नाव देत नाही. राज्यातल्या कितीतरी जुन्या महाविद्यालयांत असे संग्रह कपाटात पडून आहेत आणि आता 'ऑन जॉब ट्रेनिंग'च्या निमित्ताने तिथे विद्यार्थ्यांचे हात लागणार आहेत. त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे.

संग्रह

विभागाच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली आहे. एका भिंतीशी फॉर्मॅलिनच्या बरण्या, दुसरीशी सापळे आणि मधोमध तीन सागवानी कपाटं. कपाटांच्या उथळ खणांमध्ये पक्ष्यांची साडेतीनशेच्या आसपास कातडी आहेत. विभागातल्या दोन शिक्षकांनी ती १९३० च्या दशकापासून १९६६ पर्यंत जमवली.

संग्रहालय म्हटलं की लोकांना काचेमागे उभा केलेला, पेंढा भरलेला वाघ आठवतो. अभ्यासाचं कातडं तसं नसतं. पक्षी उताणा झोपवलेला असतो, पंख अंगालगत मिटलेले, पाय एकावर एक, डोळ्यांच्या खाचेत पांढरा कापूस. पायाला दोऱ्याने बांधलेलं बोटभर लांबीचं लेबल. त्या एवढ्याशा कागदावर ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, नर की मादी, पंखाची लांबी आणि रजिस्टरमधला क्रमांक असतो. कधी पोटात काय सापडलं तेही असतं. डोळ्यांचा, चोचीचा आणि पायांचा रंगही तिथेच लिहिलेला, कारण पक्षी वाळला की पायाचा आणि चोचीचा रंग उडतो आणि डोळे तर काढूनच टाकलेले असतात. जिवंतपणी डोळा पिवळा होता की तांबूस, हे नंतर फक्त लेबलाला माहीत असतं.

यातला एकही पक्षी आज कोणाला मारून आणता येणार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो मार्ग बंद केला आणि ते योग्यच झालं. पुढे २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने वर्गातलं विच्छेदनही थांबवलं. तेव्हापासून आमच्या मुलांना खऱ्या प्राण्याचं शरीर जवळून पाहायला मिळतं ते जवळजवळ या खोलीतच.

मुलं आणि काम

नव्या शैक्षणिक धोरणानुसार एम.एस्सी.च्या दुसऱ्या सत्रात ४ क्रेडिटचं म्हणजे १२० तासांचं प्रत्यक्ष काम करायचं असतं. पहिल्याच वर्षी तिघांनी आमचा संग्रह निवडला: दोन मुली आणि धुळ्याकडचा एक मुलगा. मला मनापासून आनंद झाला होता. कित्येक वर्षांत कोणी ते खण स्वतःहून उघडायला मागितले नव्हते.

काम ठरलं ते असं. पक्ष्यांची मोजणी करायची, नमुने साफ करायचे, फोटो काढायचे आणि एक्सेलमध्ये यादी करायची. मे महिन्यात बाहेरून तपासणी समिती येणार होती, त्यामुळे 'म्युझियम जरा बघण्यासारखं करा' अशी वरून सूचनाही होती. ती मी मुलांपर्यंत जशीच्या तशी पोचवली.

पहिल्या दिवशी दोन तास त्यांच्याशी बोलले, सगळं सुरक्षिततेबद्दल. जुन्या काळी कातडं किडू नये म्हणून आतून आर्सेनिकचा साबण चोळत. आजही काही पक्ष्यांच्या डोळ्यांच्या खाचेत आणि पिसांच्या मुळाशी पांढरी पूड दिसते. म्हणून हातमोजे, मास्क, खोलीत डबा उघडायचा नाही, बाहेर पडताना हात कोपरापर्यंत धुवायचे. मग किडीबद्दल सांगितलं. नमुन्याखाली लाकडाच्या भुशासारखी पूड किंवा केसाळ अळीने टाकलेली कात दिसली, तर तो नमुना पिशवीत बंद करून उणे २० अंशांवर दोन आठवडे ठेवायचा. बाहेर काढल्यावर पिशवी दुसऱ्या दिवशीपर्यंत उघडायची नाही, नाहीतर गार पिसांवर दव धरतं आणि बुरशीला आयतं निमंत्रण मिळतं.

लेबलाबद्दल मी एक वाक्यही बोलले नाही. ती काढायची नसतात, हे मला इतकं अंगवळणी पडलेलं होतं की ते कोणाला सांगावं लागेल असं सुचलंच नाही.

नववा दिवस

दोघींपैकी एक फार नीटस. तिचं अक्षर, तिच्या वह्या, तिची लॅबमधली जागा, सगळं देखणं. दुसऱ्या कपाटातले दोन खण तिच्याकडे होते, चौसष्ट नमुन्यांचे. नवव्या दिवशी दुपारी ती मला बोलवायला आली.

"मॅडम, एकदा येऊन बघा ना. किती छान दिसतंय."

खरंच छान दिसत होतं. प्रत्येक पक्षी मऊ कुंचल्याने झाडलेला, सगळ्यांच्या चोची एका रेषेत आणि प्रत्येकाच्या पायाला नवं, छापील, लॅमिनेट केलेलं लेबल. मराठी नाव, शास्त्रीय नाव, तिने दिलेला नवा क्रमांक आणि खाली एका शब्दात ठिकाण.

"जुनी लेबलं कुठायत?"

"पाकिटात ठेवलीत, मॅडम. फेकली नाहीत. फार पिवळी पडली होती, दोन-तीन तर फाटलेली."

तिने खाकी पाकीट पुढे केलं. आत चौसष्ट कागद, सगळे एकत्र. कात्रीने दोरा कापून एकेक काढलेले. कोणतं कोणाच्या पायाचं, याची खूण कुठेच नव्हती.

मी खुर्चीवर बसले. ओरडले नाही, पण माझा चेहरा बघून तिला कळलं असावं. "काय झालं मॅडम?" तिने दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा मला लगेच उत्तर देता आलं नाही.

नव्या लेबलावर 'वडगाव' एवढंच छापलेलं होतं. चौकोनात तेवढंच बसत होतं. महाराष्ट्रात वडगावं किती, हे वाचणाऱ्याला मी सांगायला नको. जुन्या कागदावर मात्र तालुक्याचं नाव होतं, नदीकाठ होता, पुलाच्या वरचं अंग होतं आणि बोरीचं झाड होतं.

रानपिंगळ्याची गोष्ट

त्या दिवशी काम थांबवलं. चहा मागवला, तिघांना समोर बसवलं आणि रानपिंगळ्याची गोष्ट सांगितली. ती पहिल्या दिवशी सांगायला हवी होती.

रानपिंगळा हा भारतातच सापडणारा छोटा पिंगळा. ॲलन ह्यूमने १८७३ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. जगभरातल्या संग्रहालयांत मिळून त्याची फक्त सात कातडी होती. १८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात काही मिळवली होती. त्यानंतरचा एकच नमुना होता. त्याच्या लेबलावर १९१४ साल, गुजरातेतलं मांडवी आणि रिचर्ड माइनर्ट्झहागन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याचं नाव होतं. सगळ्यात अलीकडची नोंद तीच असल्याने शोधणाऱ्यांनी तिच्यावर भरवसा ठेवला आणि पक्षी काही सापडला नाही.

पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ संग्रहालयातली कातडी तपासत होत्या. मांडवीचं ते कातडं त्यांनी आतून-बाहेरून पाहिलं, क्ष-किरण चित्रं काढली, भरण आणि शिवण तपासली. पुन्हा भरून वेगळं दाखवायचा प्रयत्न झाला होता, तरी हाताची ढब डेव्हिडसनचीच होती. ते ब्रिटिश संग्रहातून चोरलेलं, नवं लेबल लावलेलं खानदेशातलंच कातडं होतं. खोटं लेबल बाजूला सारल्यावर उरल्या त्या जुन्या, खऱ्या जागा. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट तिकडे वळले आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ, रानपिंगळा त्यांना दिसला. आधीच्या खात्रीच्या नोंदीनंतर ११३ वर्षांनी. आता तो मेळघाटात आहे, तानसाच्या जंगलातही आहे, हे आपल्याला ठाऊक आहे.

धुळ्याच्या मुलाला शहादा पाठ होतं, रानपिंगळा माहीत नव्हता. तो बराच वेळ गप्प बसला.

मग मुलीने विचारलं, "म्हणजे मी पण तसंच केलं?"

नाही. त्या माणसाने जाणूनबुजून खोटं लिहिलं. हिने चांगल्या हेतूने खरं काढून ठेवलं आणि फेकलं नाही. या दोन गोष्टींत फार अंतर आहे आणि ते मी तिला स्पष्ट सांगितलं. पण खणातल्या पक्ष्याच्या बाजूने पाहिलं तर त्याच्याबद्दलची माहिती दोन्हीकडे तुटलेलीच होती, हेही सांगितलं. चुकीची सुरुवात माझ्यापासून झाली होती. 'बघण्यासारखं करा' हे मीच तिला सांगितलं होतं आणि तिने ते मन लावून केलं.

जुळवाजुळव

उरलेल्या तासांचं काम मग हेच ठरलं. मी एक अट घातली: कुठलंही लेबल परत बांधायचं तर एकमेकांशी संबंध नसलेले निदान दोन पुरावे हवेत. नुसतं 'हेच असेल' चालणार नाही.

पहिला अडथळा नावांचा. लालबुड्या बुलबुलच्या जुन्या लेबलावर 'मॉल्पॅस्टिस' लिहिलेलं, आज त्याला 'पिक्नोनोटस' म्हणतात. सातभाईंच्या लेबलांवर 'टर्डॉइडिस', आजच्या यादीत 'अर्जिया'. मुलांनी जुन्या-नव्या नावांचा तक्ता बनवला. त्यात दोन दिवस गेले, पण एवढं वर्गीकरण त्यांना कुठल्या तासाला कळलं नसतं.

चौसष्ट पक्षी एकतीस जातींचे निघाले. त्यातल्या सतरा जातींचा खणात एकेकच पक्षी होता आणि पाकिटात त्या नावाचं एकेकच लेबल. पंखाची लांबी मोजून खात्री केली आणि ती सतरा लागलीच बांधली. दयाळ, नाचण, वेडा राघू, शिक्रा हे सगळे यात सुटले.

दुसरी मदत अनपेक्षित ठिकाणाहून आली. पहिल्याच दिवशी धुळ्याच्या मुलाने स्टेटसला टाकायला उघड्या खणांचे फोटो काढले होते. ते मोठे करून पाहिल्यावर काही लेबलांवरची अक्षरं, काहींचे फाटलेले कोपरे ओळखू आले. त्यातून आणखी बारा बसली. एकोणतीस झाली.

उरली पस्तीस. ही खरी कसोटी होती, कारण यात एकाच जातीचे तीन-तीन, सहा-सहा, बुलबुल तर नऊ. रंग सारखे, आकार सारखे.

इथे दोरा कामाला आला. मुलीने लेबलं कापून काढली होती, पण पायाभोवतीच्या गाठी तशाच होत्या आणि लेबलाच्या भोकातही दोऱ्याचा तुकडा अडकलेला होता. दोरे दोन तऱ्हेचे दिसले: एक जाडसर, सैल पिळाचा, पिवळट, दुसरा काळा, बारीक, दुहेरी. आमचे निवृत्त परिचर आहेत, वय ऐंशीच्या घरात. १९६२ साली ते पोरसवदा वयात इथे कामाला लागले. त्यांना फोन केला, तर ते रिक्षा करून आले. खणाकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाई, हा पुडीचा दोरा. थोरले सर वापरायचे, किराणा दुकानातून रीळ आणायचे. काळा दोरा धाकट्या सरांचा, शिवणाचा. ते पायसुद्धा वेगळे बांधायचे, बघा." खरंच, काळ्या दोऱ्याच्या पक्ष्यांचे पाय घोट्याजवळ बांधलेले होते, पुडीच्या दोऱ्याच्या पक्ष्यांचे त्याहून वर. लेबलावर गोळा करणाऱ्याचं नाव असतंच, त्यामुळे पस्तिसाच्या ढिगाचे सरळ दोन भाग पडले.

पुढचं काम स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली. पुडीचा दोरा सैल असल्याने कापल्यावर त्याचे तंतू विस्कटतात आणि जिथे जुना डाग पडलेला असेल तिथे डागाचा अर्धा भाग गाठीकडे, अर्धा लेबलाकडे राहतो. एका बुलबुलच्या गाठीशी तांबूस डाग होता, बहुधा गंजलेल्या टाचणीचा. नऊ लेबलांपैकी एकाच्याच दोऱ्याच्या टोकाला तो होता. दोन्ही टोकं भिंगाखाली शेजारी ठेवली आणि डागाची कड एकमेकांना लागली. तिघंही आळीपाळीने पाहत होते. नीटस मुलीने डोळा लावला आणि ती बराच वेळ उठेचना.

याला पंखाच्या मापाची जोड दिली. वाळलेलं कातडं किंचित आक्रसतं, त्यामुळे लेबलावर १०३ मिलिमीटर लिहिलेला पंख आज एखाद-दोन मिलिमीटरने कमी भरतो. तरी ९४ चा आणि १०३ चा पक्षी एकमेकांत मिसळत नाहीत. चिमण्यांमध्ये नर-मादी पिसाऱ्यावरून कळले. काही ठिकाणी तारीख उपयोगी पडली: विणीच्या शेवटी पिसं झिजून कड विरलेली असते, पावसाळ्यानंतर नवी पिसं येतात, तेव्हा जूनचा पक्षी आणि डिसेंबरचा पक्षी हातात घेतला की फरक दिसतो. विभागप्रमुखांच्या कपाटात तळाशी जुनं रजिस्टरही सापडलं. त्यात फक्त क्रमांक २११ पर्यंतच्याच नोंदी, पण तेवढ्यांतही दोन शंका फिटल्या.

चोवीस बसली. मागच्या एकोणतीस धरून त्रेपन्न. त्यातली शेहेचाळीस आम्ही 'पक्की' म्हणून नोंदवली आणि सात 'बहुधा' म्हणून, प्रत्येकापुढे पुरावे लिहून.

अकरा राहिली: चार बुलबुल, चार नर चिमण्या, तीन सातभाई. मुलांना ती अर्धवट सोडवेनात. एकाने सुचवलं की अंदाजाने बांधून टाकू, कोणाला कळणार आहे. मी नको म्हटलं. मी कारण द्यायच्या आत नीटस मुलगीच म्हणाली, "नको, मग ते मांडवीसारखं होईल."

प्रत्येक गटाची लेबलं आम्लमुक्त कागदाच्या पाकिटात घालून पक्ष्यांशेजारी ठेवली. चारही बुलबुलांच्या पायाला नवं लेबल बांधलं, त्यावर काळ्या शाईत असं लिहिलं: 'मूळ लेबल एप्रिल २०२४ मध्ये वेगळं झालं. सोबतच्या पाकिटातल्या चारपैकी एक याचं आहे.' चिमण्या आणि सातभाईंनाही तसंच.

अहवाल

यावरून विभागात थोडी खळखळ झाली. समिती येणार, मुलांच्या अहवालात ही घटना कशाला, असं वरिष्ठांचं म्हणणं पडलं. त्यांची काळजी मला समजत होती. पण संग्रहातल्या नमुन्याला जे काही झालं ते नोंदीत असायलाच हवं, नाहीतर वीस वर्षांनी येणारा अभ्यासक 'बहुधा'ला 'पक्कं' समजून त्यावर पुढचं काम उभारेल. मी बहिरी ससाण्याच्या अंड्यांचं उदाहरण दिलं. ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी १९६७ मध्ये संग्रहांतल्या जुन्या-नव्या अंड्यांची कवचं तपासून दाखवलं की १९४७ च्या सुमारापासून ती पातळ होत गेली. त्यामागे डीडीटी होतं. ती अंडी छंद म्हणून जमवलेली होती. त्यांच्यासोबत लिहिलेलं वर्ष खरं होतं म्हणून हे कळलं.

अहवालात सगळं लिहिलं गेलं. पहिल्या परिच्छेदात मुलीने स्वतःच लिहिलं की लेबलं तिने काढली. त्याखाली मी सही करताना लिहिलं की लेबलांबाबत कोणतीही सूचना तिला देण्यात आली नव्हती. गुणांची तिला भीती होती. तिला वर्गात सर्वाधिक गुण मिळाले, कारण तिची रोजनिशी मी आजवर पाहिलेल्या रोजनिशींत सगळ्यात प्रामाणिक आणि सगळ्यात बारकाईची होती.

आता

खोलीतून कात्री काढली. लॅमिनेशन बंद, त्यात ओल कोंडते. नवं लेबल लागलंच तर जुन्याच्या जोडीला बांधायचं, जुनं कितीही जीर्ण असो. बॉलपेन वर्ज्य: ते कोरड्या लेबलावर पुसट होतं आणि स्पिरिटच्या बरणीत तर विरघळूनच जातं. पेन्सिल किंवा चिनी शाई.

यादीत ठिकाणासाठी दोन रकाने केले. पहिल्यात लेबलावरचं अक्षर न् अक्षर, चुकांसकट. दुसऱ्यात आजचा अर्थ. 'किर्की' लिहिलं असेल तर पहिल्यात किर्की, दुसऱ्यात खडकी. वडगाव कोणतं ते ठरत नसेल तर दुसरा रकाना मोकळा.

आणि पहिले दोन दिवस नमुन्याला हात लावायचा नाही. प्रत्येकाने दहा लेबलं हाताने उतरवून काढायची, पुढची आणि मागची बाजू. सालिम अली १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात मार्गदर्शक-व्याख्याते होते. १९२९ मध्ये ते बर्लिनला गेले आणि तिथल्या विद्यापीठाच्या प्राणिशास्त्रीय संग्रहालयात एर्विन स्ट्रेझमान या पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखाली कातड्यांवर शिकले. पंख, पिसं आणि लेबल कसं वाचायचं ते तिथे खणांसमोर बसून. आमच्या मुलांना बर्लिन लागत नाही, खण त्यांच्याच विभागात आहेत.

यंदाच्या एप्रिलमध्ये नवी तुकडी आली. ती मुलगी आता दुसऱ्या गावी नोकरी करते. पहिल्या दिवशी येशील का, असं विचारलं तर एसटीने सकाळीच पोचली. नव्या मुलांसमोर तिने सातभाईंचा खण ओढला, पाकिटातलं एक लेबल चिमट्याने उचललं आणि उलटं केलं. मागे थोरल्या सरांनी पेन्सिलीत लिहिलं होतं, 'डोळे फिकट पिवळे'. तिने ते मोठ्याने वाचलं आणि खणातल्या तिन्ही पक्ष्यांच्या डोळ्यांतल्या पांढऱ्या कापसाकडे बोट दाखवलं. "हे यातल्या एकाचं आहे," ती म्हणाली. "कुठल्या, ते मला सांगता येत नाही. तुम्ही शोधायचा प्रयत्न करा."